सुमतीताईंची हिरवी जाळी

आमच्या शेजारच्या सुमतीताई चिडल्या की त्यांचा आवाज खाली येतो. अठ्ठावीस वर्षं त्या कामठीला आरोग्यसेविका होत्या. सुईला घाबरून माळ्यावर चढलेल्या पैलवानालाही त्या हळू बोलूनच खाली उतरवत.

आमच्या ले-आउटमध्ये मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेलं घर एकच, त्यांचं. बाजूला पाच फूट मोकळे सोडायचे म्हणून स्वयंपाकघर एवढं आखडलं की पोळी लाटताना कोपर भिंतीला लागतं. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच, कारण माझा जिना निम्मा रस्त्यावर आहे.

त्या मोकळ्या बाजूच्या खिडकीत कूलर, आणि कूलरसमोर देवरावांचा पलंग. ताईंचे यजमान लकव्यानं दोन वर्षांपासून पडून आहेत. त्यांना उष्णता बाधू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

मार्चमध्ये पलीकडचे मनोहरराव आले. गांधीबागेत कापडाचं दुकान, जिभेवर साखर. "ताई, कुंड्या वाळून राहिल्या. तुमची जुनी हिरवी जाळी देता काय?"

ताईंनी फाटलेली कड शिवून दिली. बांधताना शिडी मी धरली. उन्हाळ्यात अख्खं नागपूर जाळ्या बांधतं. मागे डोकावतो कोण? ठोकठाक ऐकू आली तेव्हा मनोहरराव म्हणाले, बाथरूमच्या टाइल्स बदलून राहिलो.

मे महिन्यात कूलर गरम वारा फेकू लागला. ताईंनी बाहेर येऊन पाहिलं. त्यांच्याच जाळीला चौकोनी भोक पाडून एसीचं बाहेरचं यंत्र डोकावत होतं, तोंड थेट कूलरकडे. मागे कंपाउंडला चिकटून अख्खी खोली उभी.

"देवरावले झळ लागून राहिली," ताई मनोहररावांना म्हणाल्या.

"नोटीस येऊ द्या ना ताई. दंड भरू, नियमित करून घेऊ. सगळेच करते."

ह्या 'सगळेच'मध्ये मीही होतो, म्हणून माझं डोकं आणखी फिरलं.

ताईंनी महापालिकेत तक्रार दिली. तिथले साहेब आले, रस्त्यावरूनच पाहिलं आणि लिहून गेले: उन्हाची जाळी, तात्पुरती. ताईंनी पुन्हा अर्ज केला. साहेब पुन्हा आले, भर दुपारी. मनोहरराव निर्लज्जपणे हसले. "साहेब, जाळी तर ताईचीच हाये. त्याईनंच देल्ली. आता त्याच तक्रार करून राहिल्या."

ताईंचा आवाज खाली आला. "माही हाये ना? मग मी वापस घेते. केशव, शिडी आण गा."

शिडी माझ्या जिन्याखाली होती. तिकडे गेलो की साहेबांची नजर कुठे जाणार हे मला कळत होतं. तरी गेलो. चौसष्ट वर्षांच्या ताई विळा घेऊन वर चढल्या आणि एकेक दोरी कापली. जाळी खाली आली. भिंत, खिडकी, छत, सगळं उघडं. साहेबांना पेन काढावंच लागलं. जाताना त्यांनी माझा जिनाही मोजला.

खोली अजून उभी आहे. नोटीस दारावर, एसी चालूच. मनोहरराव तारखेला वकील पाठवतात. ताईंनी भोकाला ठिगळ लावून तीच जाळी आपल्या खिडकीबाहेर बांधली आहे. झळ तरीही येते, आणि ताई दर तासाला देवरावांचं अंग ओल्या कपड्यानं पुसतात.

काल मी लोखंडी सब्बल घेऊन जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या फोडल्या. तारखेला साक्ष द्यायची आहे, तिथे कोणत्या तोंडानं बोलू? ताई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. शाबासकी मिळेल असं वाटलं.

"बाकीच्या कधी तोडतो गा?" त्या अगदी हळू म्हणाल्या.