शेवटच्या सायकलमागे

सायकलींची मोठी शर्यत एका दिवसात संपत नाही. रोज एक टप्पा, रोज नवं गाव, असं आठवडेच्या आठवडे चालतं. त्या सगळ्या लवाजम्याच्या शेपटाला एक गाडी असते. जो पडला, ज्याच्यातलं बळ संपलं, ज्याने हात टेकले, त्याला ती उचलून घेते. रस्ता झाडत येते म्हणून तिला सगळे झाडूगाडी म्हणत आणि ती चालवणाऱ्याला झाडूमामा.

मामाने उभी हयात घाटातल्या बसवर काढली होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती खायला उठल्या, तेवढ्यात शर्यतवाल्यांचा निरोप आला की दिवसभर न चिडता हळू गाडी चालवणारा माणूस हवाय. मामा म्हणाला, "बसमधले लोक याच गुणासाठी मला शिव्या घालायचे."

शेजारच्या सीटवर मामी असायची. ती इस्पितळात आया होती, त्यामुळे पोरांच्या रक्ताला किंवा रडण्याला ती बिचकत नसे. गाडीत आलेल्याला ती आधी ब्लँकेट गुंडाळी, मग थर्मासातला गोड चहा देई आणि सगळ्यात शेवटी त्याच्या पाठीवरच्या नंबराच्या पिना काढी. नंबर निघाला की शर्यत संपली. पिना काढायला ती मुद्दाम वेळ लावायची. तेवढ्यात पोरगा डोळे पुसून घेई.

लोकांना वाटायचं, काय आरामाची नोकरी! पण मामाला तसं कधी वाटलं नाही. पुढे सगळ्यात मागे पडलेल्या एका माणसाची वाकलेली पाठ, मध्ये थोडासा ओला रस्ता आणि आपल्या पायाखाली एवढी जड गाडी. चढावर ठीक होतं. भीती होती ती उताराची. ठरलेल्या वेळेत पोचला नाही तर शेवटचाही बाद होतो, म्हणून चढावर गमावलेली वेळ ही पोरं उतारावर जीवावर उदार होऊन भरून काढायची. जवळ राहावं, तर तो पडला की थेट चाकाखाली. लांब राहावं, तर वळणाआड दिसेनासा. मामाला झोपेतही ब्रेक दाबायची सवय लागली होती. मामी म्हणायची, "अहो, माझ्या पोटरीवर पाय देऊन गाडी थांबत नसते."

त्या वर्षी सगळ्यात उंच घाटाच्या टप्प्याला शेवटी राहिला तो पोपट. हे नाव त्याच्या संघातल्यांनीच ठेवलं होतं, कारण चढावर जिथे इतरांना श्वास पुरत नसे तिथेही हा बोलत असे. पहिलीच मोठी शर्यत. आदल्या दिवशी गुडघा आपटलेला. अर्ध्या चढावर मामीने काच खाली केली.

"ये रे आत. चहा गरम आहे."

"मामी, थर्मास लपवा आधी! आणि मामा, ते दार नीट लावून घ्या, माझा पाय घसरेल आत."

"गुडघा बघ केवढा सुजलाय."

"तो सुजलाय, मी नाही. वेळेत पोचतो की नाही बघा."

माथ्यावर पोचले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की रस्त्याकडेचा कठडासुद्धा धड दिसत नव्हता. पोपटने जाकिटाची चेन ओढली, हात वर केला आणि उताराला लागला. मामाने गाडी मागे ठेवली. मग आणखी मागे. दिव्यांच्या उजेडात फक्त पांढरं धुकं होतं, आणि कधीतरी त्यात त्याच्या जाकिटाचा पिवळा ठिपका चमके. एका वळणानंतर तो दिसेना. पुढच्या वळणानंतरही नाही.

"सुसाट गेला," मामी म्हणाली.

मामाने आपल्या बाजूची काच खाली केली आणि कान बाहेर दिला. 

घाटाच्या मध्यावर एका वळणापाशी झेंडा घेतलेला स्वयंसेवक उभा होता. मामाने गाडी थांबवली.

"आत्ता एक गेला ना? पिवळं जाकीट?"

"नाही हो. मघाशी घोळका गेला, त्यानंतर तुम्हीच."

"नीट आठवून सांग."

"मामा, इथून मुंगी गेली तरी मला दिसेल."

मामा खाली उतरला. वायरलेसवर कळवायच्या आधी तो गाडीच्या पुढे गेला, वाकला आणि बंपरवरून, दिव्यांवरून, नंबरपाटीखालून हात फिरवून आला. तो काय शोधतोय हे मामीला कळलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं. हाताला चिखलाशिवाय काही लागलं नव्हतं. तरी त्याने तो हात उजेडात धरून पुन्हा पाहिला.

मागून रस्ता खुला करत येणाऱ्या पोलिसांच्या जीपला त्याने वायरलेसवरून माथ्यावरच थांबवलं, रुग्णवाहिका मागितली आणि गाडी उलटी वळवून चढाला लावली. मामी खिडकीतून अर्धी बाहेर झुकून कडेने नजर फिरवत होती. मध्येच हाक मारत होती. ज्याचं तोंड दिवसभर बंद नव्हतं, त्याचा आवाज नाही. मामाला वाटलं, त्याने काहीही बोलावं, शिवी दिली तरी चालेल.

"थांबा!" मामी ओरडली.

कठडा संपतो तिथे खडी पसरली होती. खडीत एक बारीक रेघ उमटली होती. सरळ, कुठेही न वळता ती दरीच्या कडेपर्यंत गेली होती.

मामा पोटावर पालथा झाला आणि त्याने खाली डोकावलं. इतकी वर्षं घाटात काढूनही त्याने दरीत कधी नीट पाहिलं नव्हतं. बस चालवणाऱ्याने पाहायचं नसतं. खाली एका झुडपात सायकल अडकली होती, आणि त्याच्याही खाली, उतरत्या दगडावर, पिवळं काहीतरी होतं. ते हललं. पण हलल्यामुळे आणखी थोडं खाली सरकलं.

"अहो, मदत येईपर्यंत थांबा," मामी म्हणाली.

"तोवर तो थांबणार नाही."

तो बसत, घसरत, मुळं धरत खाली गेला.  दगडावर पोचल्यावर त्याने एका हाताने झुडपाचं खोड धरलं आणि दुसऱ्याने पोपटच्या जाकिटाची कॉलर मुठीत घट्ट पकडली. बराच वेळ पोपटच्या तोंडून फक्त घरघर आली. मग शब्द फुटले.

"मामा... अजून वेळेत आहे ना मी?"

"आहेस. गप्प पड."

"खांदा गेला बहुतेक."

मामाला विचारवत नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलंही नाही. "माझी गाडी लागली का रे तुला?"

"कुठली गाडी? तुमचे दिवे दिसेचनात. वाटलं, मी रस्ता चुकलो. म्हणून मागे वळून पाहिलं, आणि..."

मामाने कॉलरवरची मूठ आवळली. वरून दोर येईपर्यंत ती त्याने सैल केली नाही.

पोपटचा खांदा आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. इस्पितळात त्याने नर्सला इतकं बोलून बेजार केलं की डॉक्टरांना तो सुधारतोय याची खात्री पटली. पुढे तो पुन्हा सायकलीवर बसला, पण लहान शर्यतीत, सपाटीवर. दिव्यांबद्दल त्याने म्हटलेलं ते वाक्य त्याला स्वतःला आठवत नव्हतं. मामाने ते फक्त मामीला सांगितलं.

"तुम्ही जवळ असता तर तो तुमच्या चाकाखाली आला असता," ती म्हणाली.

"असेल."

"असेल काय, आलाच असता!"

उरलेले टप्पे मामाने पुरे केले, पण प्रत्येक उताराला त्याचा पाय ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्यामध्ये अधांतरी असायचा, कुठे टेकावा हे न सुचून. पुढच्या वर्षी त्याने सामानाचा ट्रक मागून घेतला. तो दुसऱ्या रस्त्याने पुढे जातो, बॅगा हॉटेलात उतरवून दुपारीच मोकळा होतो.

मामीने मात्र झाडूगाडी सोडली नाही. "पोरांना चहा कोण देणार?" एवढंच ती म्हणाली. आता तिच्या शेजारी नवा ड्रायव्हर असतो. तरुण, हसरा, एका हाताने स्टिअरिंग धरणारा. घाटाच्या टप्प्याला मामा बॅगा उतरवून झाल्या की हॉटेलच्या दारात उभा राहतो. सायकली येतात, संघांच्या गाड्या येतात, विजेत्याचे फोटो निघतात. कोणी म्हणतं, "मामा, आत येऊन बसा." तो मान हलवतो आणि जागचा हलत नाही. रस्त्याच्या टोकाला झाडूगाडीचे दिवे दिसले की मगच तो आत वळतो.