बाबांचा चांगला स्वभाव

आमच्या घरात श्राद्ध नाही, पिंड नाही. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते आणि मेलेला माणूस परत येतो म्हणणाऱ्याला चारचौघांत झापायचे. त्यांनाच मी, ते गेल्यावर सहा महिन्यांनी, शिरगावच्या घरी परत आणलं. आईसाठी. ती दिवसदिवस तोंड उघडत नव्हती.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एकाने हे नवं काम सुरू केलं होतं. जुने व्हिडिओ दिले की तो गेलेला माणूस उभा करून द्यायचा. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस समोर बसलेला, विचारलं त्याला उत्तर देणारा. त्याने बाबांचा स्वभाव लिहून मागितला. माणूस गेल्यावर आमच्यात होतो त्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात नातेवाईक उठून जे बोलले होते तेच मी लिहून दिलं. शांत, प्रेमळ, कुणाचं मन मोडलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट कोण लिहितं? खरे बाबा भलतेच तिखट. 'नाही' हा त्यांचा पहिला शब्द असायचा.

आई बोलायला लागली, हसायलाही लागली. मी खूश. महिन्याभराने तिचं डोकं गरगरायला लागलं म्हणून मी गोळ्यांचा डबा उघडला. ब्लडप्रेशरच्या पट्ट्या जशाच्या तशा.

"ह्यांना विचारलं मी," आई शांतपणे म्हणाली. "म्हणाले, नको वाटतात तर नको घेऊस."

खऱ्या बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. मी हेडसेट कपाटात कोंडला, तर आईने जेवण सोडलं. डॉक्टरांचं नको, माझं नको, तिला फक्त त्यांचं ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी हात टेकले आणि त्या व्हिडिओवाल्याचं दुकान गाठलं. बाबांच्या तोंडी आपले शब्द घालण्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

"बोलो दीदी, पप्पा से क्या बुलवाना है?"

मी सांगितलं. संध्याकाळी आईने हेडसेट चढवला. आतला आवाज बाहेर मलाही ऐकू येत होता. बाबा बाबांसारखेच ओरडले, आधी गोळी घे. आईने चाचपडत हात पुढे केला. मी गोळी ठेवली, तिने मुकाट्याने गिळली.

"आणखी काय करू, सांगा," ती त्यांना म्हणाली.

आता ते काय सांगणार हे माझ्या हातात होतं. सांगायला लाज वाटते, पण तेवढ्यात माझ्या मनात दोन-तीन गोष्टी येऊनही गेल्या. त्यातली पहिली, शिरगावचं घर माझ्या नावावर करायची.