गायकाचा कडू घास

सकाळी बाबांना स्मशानात पोचवून आलो. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या सुमनकाकींनी कडू घास म्हणून तांदळाची भाकरी आणि पिठलं आणलं. टोपावरचं झाकण निघालं आणि त्या वासानं मला शाळेतल्या दिवसांतली एक दुपार आठवली.

त्या दुपारी एक मोठा पॉप गायक वारल्याची बातमी आली होती. टीव्हीवर मुंबईतली माणसं रस्त्यात उभी राहून रडत होती. आमची आळी मात्र आमच्या अंगणात येऊन बसली, कारण उरणभरच्या लग्नांच्या हळदींत त्याची गाणी बाबा गायचे. सुमनकाकींनी तेव्हाही पिठलं-भाकरी आणली.

"अवो वहिनी, मी त्याला कधी बघितला पन न्हाय," बाबा वैतागले.

"आमी तरी कुठं बघितलाय? आमी त्याला तुमच्याच तोंडून ऐकला, भावजी."

बाबांनी पहिला घास घेतला आणि ते हमसून हमसून रडले. मला तेव्हा सगळ्यांचं हसू आलं होतं.

आत्ता अंगणात कुणीतरी मोबाइलवर त्याचंच गाणं लावलंय. सगळ्यांचे डोळे भरून आलेत. पण हा आवाज त्या गायकाचा आहे. बाबांचा आवाज टेप करून ठेवायचं आमच्यापैकी कुणालाच कधी सुचलं नाही.