बाबांच्या चिकनखालचा कोळसा

आधीच सांगते, असले अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचत आले. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, पिंपळ... इथे अमेरिकेत, आमच्या क्युपर्टिनोत पिंपळ नाही, आणि पांढरी साडी नेसून कुणी रस्त्यात उभं राहिलं तर शेजारी पोलिसांना फोन करतील. मी चिप डिझाइनमध्ये काम करते. पुराव्याशिवाय नवऱ्याचंही ऐकत नाही. तरी हे लिहितेय, कारण मी स्वतः तिथे बसले होते — आणि तेही भर दुपारी.

२००६ चा उन्हाळा. आईचं वर्षश्राद्ध नाशिकला उरकून बाबा आमच्याकडे आले होते. आई कट्टर शाकाहारी. बाबा जन्मभर चिकन खायचे ते बाहेर, आणि घरी परतायचे बडीशेप चावत. ती गेल्यावर त्यांना रान मोकळं होतं, पण वर्षभर त्यांनी चिकनला हात लावला नाही. एकूणच जेवणावरून मन उडालेलं. आले तेव्हा पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं दिसलं. मी ठरवूनच टाकलं, आता यांना परत पाठवायचं नाही. नुकतीच सिटिझन झाले होते, बाबांच्या ग्रीन कार्डच्या मागे लागले. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तू म्हणशील तसं." मला तेवढं पुरलं.

एका शनिवारी ते आपणहून म्हणाले, "मंजू, वर्ष झालं आता. चिकन खाऊ या का कुठेतरी?"

मी चप्पल घालून तयार! माझा नवरा निखिल आम्हाला त्याच्या लाडक्या याकितोरीच्या दुकानात घेऊन गेला. याकितोरी म्हणजे चिकनचे छोटे तुकडे बांबूच्या काडीला टोचून कोळशावर भाजतात ते. स्ट्रिप मॉलमध्ये, म्हणजे रस्त्यालगतच्या दुकानांच्या ओळीत, लाँड्री आणि डेंटिस्टच्या मधोमध चिंचोळं दुकान. एकच काउंटर, पलीकडे लांबट शेगडी, शेगडीमागे म्हातारे जपानी मालक आणि गल्ल्यावर त्यांची बायको.

मालकांनी आमच्या काड्या ओळीने मांडल्या. माझ्या चुरचुरल्या, निखिलच्या चुरचुरल्या. बाबांच्या काड्यांखालचा कोळसा मात्र विझला... तेवढाच! मालकांनी पंख्याने वारा घातला, मग काड्या उचलून लालबुंद निखाऱ्यांवर नेऊन ठेवल्या. तिथले विझले. आधीचे पेटले. म्हाताऱ्या गृहस्थांचा चेहरा बघवेना. शेवटी वाकून माफी मागत त्यांनी बाबांना मशरूम आणि हिरव्या मिरच्या भाजून दिल्या, त्या छान खरपूस झाल्या. निखिलचं निदान तयारच होतं, "एक्झॉस्ट फॅनचा वारा लागतोय यार."

पुढच्या शनिवारी परत गेलो. फॅनपासून लांबची जागा धरली. निखिलने तर बाबांची ऑर्डरसुद्धा स्वतःच्या नावावर दिली, म्हणजे कोण कुणाला फसवत होतं देव जाणे. उपयोग शून्य. आमच्या काड्यांमधून नेमक्या बाबांच्या वाटच्या काड्यांखाली काळं पडलं.

बाबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मंजू, हे कावळ्यासारखं आहे."

"कसला कावळा?"

"पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा काय करतात? गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली ते ओळखून कबूल करतात. घाटावर तुझ्या आईचा कावळा आल्या आल्या शिवला. तेव्हाच मला शंका आली होती. ती एवढ्या पटकन ऐकणारी नव्हती."

"बाबा, प्लीज. इथे नको."

पण बाबा उठले, आणि त्यांनी शेगडीला हात जोडले. बाजूचे लोक खायचे थांबले.

"अगं, बीपीची गोळी रोज घेईन."

शेगडी ढिम्म.

"तुझ्या भावाशी अबोला सोडतो. मीच फोन करतो."

एक ठिणगी उडाली. एकच. निखिललाही चेव आला, "आई, मी गराज साफ करीन!" हे मी दोन वर्षं सांगत होते. माझं ऐकलं नाही, आणि गेलेल्या सासूला कबूल करतोय.

मालकांनी विचारलं, काय चाललंय? मी शरमेने अर्धी होत इंग्लिशमध्ये सांगितलं. मला वाटलं हाकलतील. ते हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी बायकोला बोलावलं, दोघं आपल्याच शेगडीपुढे हात जोडून वाकले. मग मला हळूच म्हणाले, "माय मदर ऑल्सो... व्हेरी डिफिकल्ट."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. विश्वास वगैरे काही नाही, पण हे एकदाचं संपू दे म्हणून मीही उभी राहिले. आणि आईला काय हवं असणार याची मला खात्रीच होती.

"आई, तू काळजी करू नकोस. बाबा आता कायमचे आमच्याकडे राहतील."

अख्खी शेगडी विझली. आमचंच नव्हे, टोकाला बसलेल्या जोडप्याचं चिकनसुद्धा थंड! त्यातली बाई "ओ माय गॉड" म्हणाली. मालकांच्या हातातला पंखा तसाच राहिला.

मी बाबांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसले होते.

"बाबा, तुम्हाला परत जायचंय का?"

"तुझं घर छान आहे गं. पण तिथे सकाळी दूधवाला बेल वाजवतो, खालून मित्र हाका मारतात. इथे तुम्ही दोघं ऑफिसला गेलात की संध्याकाळपर्यंत मला कुणी हाक मारत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

वाटलंच. रागही आला. एवढी धावपळ मी कुणासाठी करत होते? आणि तिकडे आजारी पडले तर बघणार कोण? पण समोर विझलेली शेगडी, उपाशी गिऱ्हाईकं, आणि बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. मी शेगडीकडे वळून म्हटलं, "बरं. परतीच्या तिकिटाने जाऊ दे त्यांना. मी नाही अडवणार."

शेगडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम फुलली. कुणी आगकाडी ओढली नाही, कुणी वारा घातला नाही. टोकाच्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या. बाबा त्या दिवशी इतकं जेवले की मालकीणबाई काड्या उचलता उचलता हसत होत्या. बाबांनी बडीशेप मागितली तेव्हा मात्र मालकांना काही कळलं नाही.

बाबा ठरल्या दिवशी नाशिकला गेले. मामाला फोन केला, गोळ्या घेतात, तब्येत सुधारली. गराज अजून तसंच आहे. निखिल अजूनही एक्झॉस्ट फॅनच म्हणतो. मी विचारते, फॅनला मराठी कसं कळलं? त्यावर तो टीव्हीचा आवाज वाढवतो. मीही कारण शोधायचं सोडून दिलंय.

सलतं ते वेगळंच. आई हयातीत कधी अमेरिकेला आली नाही. मी दरवर्षी बोलवायचे, ती दरवर्षी गुडघ्यांचं कारण सांगायची. त्या दिवशी ती खरंच आली असेल, तर एवढ्या लांब पहिल्यांदा आली, बाबांची बाजू घेऊन भांडली, आणि इथून दहा मिनिटांवरचं माझं घर न बघताच परत गेली.