काविळीची माळ

अमडापुरात कोणाचे डोळे पिवळे झाले, की दवाखान्याआधी जनकाबाईचं दार वाजायचं. साठ-पासष्टच्या सालातली ही गोष्ट. ती रानातून एका वेलीच्या ओल्या काड्या आणायची, सुताच्या गाठींत गुंफायची आणि ती माळ आजाऱ्याच्या गळ्यात घालायची. काड्या सुकल्या की गाठी सैल होऊन माळ लांबायची. ती बेंबीपर्यंत पोचली की कावीळ उतरली, असं सारं गाव मानायचं. बहुतेकांची उतरायचीही, त्यामुळे बाईचा रुबाब काय विचारता! तिनं सांगितलेलं पथ्य मोडायची पाटलाचीही छाती नव्हती.

तिची सून चांगुणा आता स्वतः सासू झाली आहे. पण पावसाळ्यात चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं, की तिला सासूची ती खणखणीत हाक आठवते, "चांगुणे, बुडबुडे आले काय वो?"

त्या काळातल्या एका भादव्यात नाल्याचं पाणी विहिरीत शिरलं आणि निम्मं गाव पिवळं पडलं. चांगुणा सात महिन्यांची पोटुशी, तिलाही कावीळ झाली. सासूनं जीव लावून माळ घातली. माळ भराभर लांबली. जनकाबाई हरखून शेजारणींना बोलावून दाखवत सुटली. इकडे उलट्या थांबेनात, आणि एका दुपारी चांगुणा आपल्या नवऱ्यालाच, सहदेवलाच, विचारू लागली, "तुमी कोन?"

जनकाबाईनं बेंबीवर लोळणारी माळ पाहिली, सुनेचं तोंड पाहिलं, आणि दातांनी सूत तोडून माळ भिरकावली. "सहदेवा, गाडी जुंप!"

खामगावच्या डॉक्टरांनी लघवी, रक्त तपासलं. काविळीच्या जाती निराळ्या, ते म्हणाले. एखादी न उकळलेल्या सुईतून येते, ही घाण पाण्यातून आलेली दिसते. विश्रांती घेतली की बहुतेक माणसं आपोआप बरी होतात, माळ असो वा नसो. पोटुशीच्या मात्र ही जिवावर उठते. चांगुणा वाचली. पोटातली पोरगी गेली.

जनकाबाईनं माळा सोडल्या नाहीत. सोडल्या असत्या तर लोक कुठेतरी जाऊन पोटावर तापल्या सळईचे डाग घेऊन आले असते. तिनं फक्त अट घातली, उकळलेलं पाणी प्यायलं नाही तर माळ वाढणार नाही. सगळ्यांनी निमूट पाणी उकळलं. शुद्ध थाप होती ती! चांगुणाला अजून हसू येतं.

पुढे एकदा गावातला शेषराव पोटुश्या बायकोला घेऊन आला. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते.

"माय, आधी माळ घाल. तुह्या हाताले यश हाये."

"यश? याच हातानं म्या माह्या नातीले मातीत ठेवलं. ऊठ, खामगावले ने तिले!"

चांगुणा उंबऱ्यात उभी होती. त्या गेलेल्या पोरीचा विषय घरात कधीच निघाला नव्हता. सासू तिला आपली नात म्हणते, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.