रूथच्या कवितेखाली माझं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आत्ता लिहितानासुद्धा दाराची कडी पुन्हा तपासून आले — कोण येणार आहे? कुणी नाही. तरी भीती वाटते.

रूथ आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. अमेरिकन, सत्तरीची, पोटासाठी इंग्रजीच्या शिकवण्या करणारी — आणि कवयित्री. तिची दोन बारीक पुस्तकं निघाली होती. ती कुणी वाचली असतील असं तिलाही वाटत नसे. जपानमधल्या आमच्या हिगाशी-कासाई भागात ती सगळ्यांना शिकवणीवाली रूथ-सान म्हणूनच माहीत.

बाबा पुण्यात गेले तेव्हा मला पोचता आलं नाही. दहाव्याला भावाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. पिंडाला कावळा शिवेना. शेवटी मी इथून, फोनवरूनच म्हणाले, "बाबा, आईला मी बघेन" — आणि कावळा उतरला. हे मी रूथला रडत रडत सांगितलं होतं. काही महिन्यांनी तिने त्यावर कविता लिहिली आणि तपशील बरोबर आहेत ना बघ, म्हणून मला दिली. इथे कचऱ्यावर घातलेल्या जाळीवरून ज्या कावळ्याला हाकलतात त्यालाच तिकडे हात जोडून बोलावतात, असं काहीसं त्या कवितेत होतं. मला ते जन्मात सुचलं नसतं. मग मी काय केलं? — जरा थांबते.

मी ती मराठीत आणली आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात स्वतःची म्हणून वाचली. लोक रडले. आईने तो व्हिडिओ सगळ्या नात्यात फिरवला. दुःख माझंच होतं ना, असं मी मनाला बजावत राहिले. पण कविता तिची होती.

पुढे जवळच्याच तोयोसु भागातल्या एका छोट्या काव्यवाचनाच्या कार्यक्रमात रूथने ती इंग्रजीत वाचली. मंडळाचे जोशीकाका माझ्या शेजारीच होते. कार्यक्रम संपताच ते तिच्यापाशी गेले आणि ही तर आमच्या मेधाची कविता, असं त्यांनी तिला अगदी नम्रपणे सुनावलं. रूथने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, तिचीच. मी फक्त इंग्रजीत आणली."

आणि मी? मी मान डोलावली.

तिच्या तिसऱ्या पुस्तकात ती तशीच छापून आली — खाली माझं नाव, 'मराठीतून अनुवाद'. कुणी वाखाणली तर तेवढी एकच. रूथने पुन्हा कधी विषय काढला नाही. भेटली की आईची चौकशी करायची. पण चोराच्या मनात चांदणं. जिन्यात तिची चाहूल लागली की मी दाराआड थांबायचे.

गेल्या महिन्यात रूथ गेली. अंत्यविधीला मोजकीच माणसं होती. तिच्या एका जपानी विद्यार्थिनीने मला पुढे बोलावलं; रूथ-सानना सगळ्यात आवडणारी कविता मूळ मराठीत ऐकवाल का, म्हणाली. समोर शवपेटी होती. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं — नाही का?

मी कविता वाचली, शेवटपर्यंत. लोकांनी माझ्यापुढे वाकून आभार मानले. मीही वाकले.