मुद्दाम आणलेलं वारं

आत्मा, भूत, अंगात येणं... सगळं थोतांड! अंधश्रद्धेविरुद्धच्या बाबांच्या पत्रकांना घड्या घालतच मी वाचायला शिकले. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आईच्या भजनी मंडळातल्या शैलाकाकू बरखेड्यात राहतात. आमची ओळख झाली तेव्हा काकांना जाऊन वर्ष झालं होतं. काकू गाण्याचे क्लास घ्यायच्या. मग कुणीतरी त्यांना बाग सेवनिया वस्तीतल्या, अंगात येणाऱ्या एका हिंदीभाषक बाईंकडे नेलं. त्या बाईंच्या तोंडून म्हणे काका बोलले — "हमें तुम्हारा गाना कभी पसंद नहीं था." झालं! क्लास बंद, तानपुऱ्यावर खोळ.

"मेलेल्या माणसाच्या नावानं हुकूम सोडायचे? गुन्हा आहे हा!" मी तणतणले.

"मग काढ मोर्चा," आई म्हणाली.

मोर्चा नाही, पण रविवारी सकाळी आईला घेऊन काकूंकडे गेले. "काकू, आधीच सांगते, मी आता नाटक करणार आहे. असं कुणालाही करता येतं, बघा."

डोळे मिटले, मान डोलावली, आवाज घोगरा केला. वाक्य मुद्दाम फालतू निवडलं होतं. काकांच्या नावानं सल्ला देण्याचा हक्क मलाही नव्हता ना!

"शैला... तोंडली चिरू की थांबू?"

आई फिसकन हसली. काकू हसल्या नाहीत.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही! सुचलं..."

"मी रियाजाला बसले की हे स्वयंपाकघरातून रोज विचारायचे. भाजी गार व्हायला नको म्हणून. मी हातानंच खुणवायची — थांबा."

मी घाबरले. "काकू, शपथ! मी बनवलंय. काकाबिका कुणी आले नाहीत!"

"अगं हो, ढोंगी! ऐकलं मी." काकू डोळे पुसत हसायला लागल्या. "पण मला सांग, गाणं न आवडणारा माणूस रियाज संपेपर्यंत भाजी चिरायचा थांबेल का गं?"

त्या उठल्या आणि तानपुऱ्याची खोळ काढली. बाग सेवनियाला पुन्हा गेल्या नाहीत. आता आठ मुली शिकायला येतात.

पण ते वाक्य माझ्या तोंडी आलं कुठून? काकांना मी पाहिलेलंही नव्हतं. आईलाही हे ठाऊक नव्हतं. योगायोग — मीही तेच म्हणते, फक्त जरा मोठ्यानं म्हणावं लागतं...

हे लिहू का, असं काकूंना विचारलं. म्हणाल्या, "लिही. ते आले होते असं लिहू नकोस, नव्हते आले असंही नको. तुला माहीत नाही, तेवढंच लिही."

तेवढंच लिहिलंय.